डोंगरमाथ्याचे पान, समुद्रतळाचे पोवळे

कोल्हापुरातल्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहेत. एक तालीसपत्र आणि दुसरे प्रवाळ. तालीसपत्र म्हणजे सुईसारखी अरुंद, वाळून तपकिरी झालेली पाने. खोकला, दमा किंवा तोंडाची चव गेली की वैद्य तालीसादी चूर्ण देतात आणि त्या चूर्णाला नाव मिळाले ते या पानावरून. प्रवाळ म्हणजे पोवळे. आम्लपित्तावर आणि अंगातल्या उष्णतेवर त्याचे भस्म किंवा पिष्टी मधातून, दुधातून दिली जाते. हेच पोवळे महाद्वाराजवळच्या गुजरीत सराफाकडे मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसते.

यांतली एकही वस्तू कोल्हापूरची नाही. तालीसपत्राचे झाड सूचिपर्णी वर्गातले. शाळकरी मुले विद्या येते म्हणून ज्या मोरपंखीचे पान वहीत जपतात, तीही याच वर्गातली, पण बागेत लावलेली आणि बाहेरून आलेली. महाराष्ट्राच्या जंगलात मूळचे एकही सूचिपर्णी झाड नाही. साऱ्या पश्चिम घाटात असे झाड एकच, तेही पार दक्षिणेकडच्या डोंगरांत. तालीसपत्र येते हिमालयातून. आणि ज्या तांबड्या पोवळ्याला सराफ आणि वैद्य दोघेही मान देतात, ते अरबी समुद्रातही सापडत नाही. ते भूमध्य समुद्राचे.

एक झाड बर्फाच्या रेषेखालचे, एक जीव समुद्रतळाचा. कोल्हापूरच्या माणसाला आयुष्यात दोन्ही जिवंत दिसण्याची शक्यता फार कमी. तरीही या गावाने दोघांशी शतकानुशतके व्यवहार ठेवला. त्या व्यवहाराचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हे दोन्ही जीव अत्यंत सावकाश वाढणारे आहेत आणि जेव्हा जेव्हा बाजाराने त्यांना आपल्या वेगाने ओढले, तेव्हा तेव्हा ते संपत आले.

कोल्हापूरचा समुद्राशी संबंध किती जुना, याचा पुरावा पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात मिळाला. १९४४ च्या सुमारास तिथे कांस्य वस्तूंचा मोठा साठा सापडला आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केले. सातवाहन काळातले विटांच्या घरांचे समृद्ध गाव त्यातून उजेडात आले. कांस्य साठ्यात रोमन घडणीची भांडी होती, आरसे होते आणि पोसायडनची एक छोटी, देखणी मूर्ती होती. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. भूमध्य समुद्राच्या काठी घडलेला हा देव घाट चढून पंचगंगेच्या काठी आला. आज तो कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आहे.

ज्या व्यापाराने ही मूर्ती आणली, त्याच व्यापारात पोवळे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. त्यात सिंधूच्या मुखावरच्या, भडोचच्या आणि केरळातल्या मुझिरिसच्या आयात मालात पोवळ्याचे नाव आहे. कोकणातल्या चौलसारख्या बंदरांचीही नोंद त्यात आहे. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात ठेवायच्या रत्नांमध्ये प्रवाळाचे प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतल्या एका प्रकाराचे नाव काही अभ्यासक अलेक्झांड्रियाशी जोडतात.

पेरिप्लसच्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी याने एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले. रोमन स्त्रियांना भारतीय मोत्यांची जेवढी ओढ, तेवढीच भारतातल्या पुरुषांना पोवळ्याची, असे तो सांगतो. पुढे तो म्हणतो की गॉल देशातले लोक पूर्वी तलवारी, ढाली आणि शिरस्त्राणे पोवळ्याने सजवत, पण भारतातली मागणी एवढी वाढली की जिथे ते निघते तिथेच ते क्वचित दिसू लागले. दोन हजार वर्षांपूर्वीची ही नोंद नीट वाचायला हवी. दूरच्या देशातल्या हौसेमुळे एका समुद्राचे पोवळे कमी पडू लागल्याची ही बहुधा सर्वांत जुनी तक्रार आहे आणि ती हौस आपली होती.

गंमत अशी की ज्या पोवळ्यासाठी जहाजे एवढी फिरत होती, ते नेमके काय आहे हे फार काळ कोणालाच ठाऊक नव्हते. समुद्राखाली त्याला फांद्या दिसत, म्हणून ते झाड. पाण्याबाहेर काढले की दगडासारखे कठीण, म्हणून खडक. १७०६ मध्ये इटलीच्या मार्सिली या अभ्यासकाने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले आणि त्यावर पांढरी आठ पाकळ्यांची ‘फुले’ उमलताना पाहिली. झाडच असल्याची आता खात्री पटली, असे युरोपातल्या विद्वानांना वाटले. मार्सेयच्या झां-आंद्रे पेसोनेल या डॉक्टरने मात्र १७२० च्या दशकात फ्रान्स आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर बारकाईने पाहणी केली. ही फुले नसून भुजा हलवणारे, स्पर्श होताच आत ओढले जाणारे बारीक प्राणी आहेत, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. अकादमीतल्या थोरांनी ते मानले नाही. त्याचे म्हणणे खरे ठरायला जवळपास दोन दशके जावी लागली.

आज हे चित्र स्पष्ट आहे. तांबडे पोवळे म्हणजे कोरॅलियम रुब्रम नावाच्या प्राण्यांची वसाहत. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा, आठ भुजांचा, पांढरा. हजारो प्राणी मिळून चुनखडीचा एक तांबडा सांगाडा बांधतात आणि त्यावरच्या पातळ जिवंत थरात राहतात. अंगठीतले पोवळे म्हणजे हा सांगाडा. संशोधकांनी त्याचा आडवा छेद घेऊन पाहिला, तर त्यात झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलये मिळाली. वलये मोजल्यावर कळले की बुंध्याची जाडी वर्षाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटरने वाढते. याचा हिशेब कोणीही करू शकेल. एक सेंटिमीटर जाडीच्या पोवळ्यासाठी या प्राण्यांच्या पिढ्यांना सुमारे तीस वर्षे लागतात.

हे पोवळे कोल्हापूरपर्यंत आले ते कोकणच्या घाटांनी. १००८ मधल्या खारेपाटणच्या शिलाहार ताम्रपटात परदेशांहून येणाऱ्या जहाजांवरच्या कराचा उल्लेख आहे. म्हणजे कोल्हापूरच्या डोंगरापलीकडे तेव्हाही परदेशी माल उतरत होता. राजापूर, खारेपाटण, पुढे मालवण आणि वेंगुर्ले ही बंदरे. तिथून अणुस्कुरा, आंबा, गगनबावडा आणि फोंडा हे घाट. घाटांवरून बैलांचे तांडे. मीठ, नारळ, मासळी वर चढत होती, गूळ आणि धान्य खाली उतरत होते आणि त्यांच्याच जोडीला समुद्रापारचा मौल्यवान मालही येत होता.

सतराव्या शतकात भारतात अनेकदा येऊन गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवृत्तात पोवळ्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. युरोपात त्याला फारशी किंमत नाही, पण आशियात साधी माणसेही गळ्यात आणि मनगटात ते घालतात, असे त्याचे निरीक्षण आहे. पुढच्या शतकात या व्यापाराचे मोठे केंद्र होते इटलीचे लिव्होर्नो बंदर. तिथल्या एर्गास आणि सिल्व्हेरा या ज्यू व्यापाऱ्यांची पेढी भूमध्य समुद्राचे पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवी आणि बदल्यात भारतातले हिरे मागवी. गोव्यात त्यांचा व्यवहार होता कामत घराण्यातल्या सारस्वत व्यापाऱ्यांशी. एका बाजूला ज्यू, दुसऱ्या बाजूला हिंदू, मधे ख्रिस्ती राजवट आणि महिनोन्‌महिने चालणारा जलप्रवास. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या या माणसांनी केवळ पत्रांच्या आणि शब्दाच्या भरवशावर हा व्यापार चालवला. फ्रांचेस्का त्रिव्हेलातो या इतिहासकार बाईंनी या पत्रव्यवहाराचा सविस्तर अभ्यास केला आहे. पश्चिम किनाऱ्यावर पोवळे कसे येत होते, याचा हा पक्का पुरावा आहे.

घाटमाथ्यावर पोचल्यावर त्याचे दोन रस्ते होत. चांगला, एकसंध, डाग नसलेला खडा सराफाकडे जाई. नवरत्नांत त्याला स्थान आहे आणि ज्याच्या पत्रिकेत मंगळ कडक, त्याच्या अनामिकेत तो चढे. बारीक तुकडे आणि बुंध्याकडचा भाग, म्हणजे प्रवाळमूळ, वैद्याकडे जाई. वैद्य आधी त्याची शुद्धी करीत. क्षाराच्या किंवा वनस्पतीच्या रसात दोलायंत्राने उकळत. मग गुलाबपाण्यात दिवसेंदिवस खल करून पिष्टी, किंवा पुटे देऊन भस्म. प्रवाळ पंचामृतात तर प्रवाळ, मोती, शंख, मोत्याची शिंप आणि कवडी असे पाच जिन्नस एकत्र येतात आणि पाचही समुद्री जीवांची देणगी. पंचगंगेच्या काठच्या वैद्याच्या खलात असा समुद्र उतरत असे.

तालीसपत्राची वाट उलट दिशेची. ती उत्तरेकडून, मैदाने ओलांडून येणारी. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत तालीसादी चूर्ण आहे आणि शार्ङ्गधरसंहितेने तेच पुढे चालवले. त्याचे प्रमाण मोठे सुबक आहे. तालीसपत्र एक भाग, मिरी दोन, सुंठ तीन, पिंपळी चार, वंशलोचन पाच. वेलची आणि दालचिनी अर्धा-अर्धा आणि खडीसाखर बत्तीस भाग. या यादीतल्या मिरी, वेलची, दालचिनी घाटाखालच्या. पान मात्र हिमालयाचे. भारताची दोन टोके एका पुडीत बांधणारे हे औषध आहे आणि ते आजही घराघरांत वापरले जाते.

पण हे पान नेमके कोणत्या झाडाचे? आयुर्वेदाच्या सरकारी औषधिकोशाचे उत्तर आहे ॲबिस वेबियाना, म्हणजे हिमालयातला फर. बाजारात मात्र त्याच नावाखाली दुसऱ्याच एका सूचिपर्णी झाडाची पाने विकली जात आली आहेत. ते झाड टॅक्सस, गढवालात ज्याला थुनेर म्हणतात ते. दक्षिणेत तर याच नावाने फ्लॅकोर्शिया या रुंद पानांच्या झाडाचे पान चालते. टॅक्ससची पाने गुरांना आणि घोड्यांना विषारी असतात, त्यामुळे ही अदलाबदल किरकोळ मानता येत नाही.

थुनेर साधारण अठराशे ते तेहतीसशे मीटर उंचीवर, ओलसर सावलीत, मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढतो. वाढ अतिशय मंद. नर आणि मादी झाडे वेगळी, बी रुजायला बराच काळ लागतो. स्थानिक लोक त्याची साल चहासारखी उकळून पीत आले. पाने खुडली आणि फांदी राखली तर झाड जगते. खोडाची सगळी साल सोलली तर मात्र ते उभ्या उभ्या वाळते. तालीसपत्राच्या नावाने पाने गेली, तोवर थुनेर टिकला. पुढे जगाला त्याची साल हवीशी झाली.

इथे ही कथा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नंदुरबारला जाते. मनसुखलाल वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी तिथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेला गेले, इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. झाले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तेव्हा हजारो वनस्पती तपासण्याची मोहीम हाती घेतली होती. त्या मोहिमेत ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून टॅक्सस ब्रेव्हिफोलियाची, म्हणजे थुनेरच्या अमेरिकी भावंडाची साल गोळा केली. त्या सालीच्या अर्कात पेशींना मारणारे काहीतरी होते. वॉल आणि वाणी यांनी ते वेगळे केले, त्याला टॅक्सॉल नाव दिले आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी ते कसे काम करते हे दाखवले. पेशी दुभंगताना जे सूक्ष्म धागे बांधते आणि पुन्हा उसवते, ते टॅक्सॉलमुळे उसवतच नाहीत आणि कर्कपेशी तिथेच अडकून मरते. डिसेंबर १९९२ मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जगभरच्या लाखो स्त्रियांचे आयुष्य या औषधाने वाढवले आहे.

औषधाला यश मिळाले आणि झाडावर संकट आले. शंभर वर्षांच्या एका झाडापासून सुमारे तीन किलो साल मिळते आणि तिच्यातून जेमतेम ३०० मिलिग्रॅम टॅक्सॉल निघते, म्हणजे एका रुग्णाची एक मात्रा. साल काढली की झाड मेले. अमेरिकेतली जंगले अपुरी पडताना दिसताच व्यापाऱ्यांची नजर हिमालयाकडे वळली. नव्वदच्या दशकात भारत आणि नेपाळच्या डोंगरांतून थुनेरची पाने आणि साल प्रचंड प्रमाणात बाहेर गेली. काही भागांत तर दहातले एखादेच झाड उरले. १९९५ पासून हिमालयी टॅक्सस धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि आज तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतही आहे.

नेमके असेच एका चिमुकल्या समुद्री प्राण्याच्या बाबतीत घडले. ब्युगुला नेरिटिना हा जहाजांच्या तळाला आणि धक्क्यांच्या खांबांना चिकटून वाढणारा, शेवाळासारखा दिसणारा प्राणी. पोवळ्याप्रमाणेच तोही वसाहतीने राहतो आणि पोवळ्याप्रमाणेच त्यालाही पाहणारा वनस्पती समजतो. ॲरिझोनातल्या जॉर्ज पेटिट यांच्या गटाने त्याच्यातून ब्रायोस्टॅटिन हे द्रव्य शोधले आणि १९८२ मध्ये त्याची रचना मांडली. कर्करोगावरच्या चाचण्यांसाठी ते हवे होते. त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून सुमारे तेरा टन प्राणी गोळा करावे लागले आणि त्यांतून मिळाले अवघे अठरा ग्रॅम. झाडाची साल असो की समुद्रातला जीव, निसर्ग अशी द्रव्ये स्वतःच्या रक्षणापुरतीच बनवतो. माणसाच्या बाजारासाठी तो त्यांचा साठा करत नाही.

दोन्हीकडे सुटका झाली ती जीवाला न मारता काम भागवण्याची वाट सापडल्यावर. फ्रान्समध्ये पियेर पोतिये यांच्या गटाला युरोपी टॅक्ससच्या पानांत टॅक्सॉलच्या जवळचे द्रव्य सापडले. पाने छाटली तरी पुन्हा फुटतात. त्या द्रव्यापासून प्रयोगशाळेत टॅक्सॉल बनवण्याची रीत अमेरिकेत रॉबर्ट हॉल्टन यांनी विकसित केली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साल सोलण्याची गरज उरली नाही. पुढे तर टॅक्ससच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवूनच औषध बनू लागले. ब्रायोस्टॅटिनही २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या पॉल वेंडर यांच्या गटाने प्रयोगशाळेत पुरेशा प्रमाणात घडवून दाखवले. आपल्या वैद्यांनी तालीसाच्या झाडाचे पान घेतले होते, खोड नव्हे. टॅक्सॉलचे ज्ञान त्यांना नव्हते आणि तालीसादी चूर्ण हे कर्करोगाचे औषधही नाही. पण झाड राखून घ्यायचा भाग कोणता, हे त्यांच्या परंपरेत पक्के होते. आधुनिक रसायनशास्त्र मोठी किंमत मोजून त्याच भागाकडे वळले.

पोवळ्याला मात्र असा पर्याय नाही. पाने खुडावीत तसे त्याचे थोडेसे काढून घेता येत नाही. फांदी तोडली की तिच्यावरच्या हजारो जीवांचा शेवट. एकोणिसाव्या शतकात नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावातून शेकडो नौका पोवळ्यासाठी निघत. लाकडी फुलीला जाळी बांधून ती तळावरून ओढली जाई. जेवढे पोवळे हाती येई, त्याहून अधिक मोडून तळाशी पडे. १८७५ ते १८८० च्या दरम्यान सिसिलीतल्या शाक्काजवळ समुद्रतळाशी मेलेल्या पोवळ्याचे प्रचंड ढीग सापडले. नौकांची झुंबड उडाली, माल इतका निघाला की भाव कोसळले आणि काही वर्षांत ते साठेही संपले. त्यातल्या मालाचा मोठा ग्राहक पुन्हा भारतच होता. विसाव्या शतकात पाणबुडे हवेच्या नळकांड्या घेऊन उतरले आणि फुली पोचत नव्हती त्या कपारीही रिकाम्या झाल्या.

युरोपीय संघाने तळावर ओढायची ती फुली १९९४ मध्ये बंद केली. २०११ पासून भूमध्य समुद्रात पन्नास मीटरपेक्षा कमी खोलीवरचे पोवळे काढायला मनाई आहे आणि बुंधा किमान सात मिलिमीटरचा हवा, असाही नियम आला. वर सांगितलेल्या वेगाने वीस वर्षांचा जीव झाला, तर हा आकडा गाठला जातो. तांबड्या पोवळ्याला साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्याचा प्रस्ताव २००७ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये आला आणि दोन्ही वेळा फेटाळला गेला. थुनेरला मिळालेले संरक्षण पोवळ्याला अजून मिळालेले नाही. व्यापाराचे वजन जास्त होते, हे त्याचे एक कारण.

हे सगळे दूरच्या डोंगरांचे आणि समुद्रांचे म्हणून सोडून देता येणार नाही, कारण हीच गोष्ट कोल्हापूरच्या स्वतःच्या जंगलात घडली आहे.

टॅक्सॉलच्या आधी, १९६६ मध्ये, वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचे दुसरे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले होते. त्यापासून पुढे टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे बनली. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले की हेच द्रव्य पश्चिम घाटातल्या एका छोट्या झाडात भरपूर आहे. ते झाड म्हणजे नरक्या. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगडच्या डोंगरांतल्या माणसाला उग्र वासामुळे ओळखू येणारे, पण सरपणालाही फारसे न वापरले जाणारे. परदेशातून मागणी आल्यावर तेच झाड पोत्यांनी जाऊ लागले. मुळापासून तोडायचे, तुकडे करायचे, वाळवायचे आणि ट्रकमध्ये भरायचे. तोडणाऱ्याच्या हाती किलोमागे किरकोळ रुपये पडत आणि पुढच्या साखळीत त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढे. वनखात्याने बंदी घातली, साठे पकडले, तरी चोरटी तोड पूर्णपणे थांबलेली नाही.

वाणी ९५ वर्षांचे होऊन ११ एप्रिल २०२० रोजी वारले. नंदुरबारच्या या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेल्या दोन्ही द्रव्यांनी असंख्य माणसे वाचवली. त्या द्रव्यांच्या झाडांवर जी कुऱ्हाड चालली, तिचा दोष शोधाचा नाही. जीव किती वेगाने वाढतो हे न पाहता माल किती वेगाने हवा एवढेच पाहणाऱ्या व्यवहाराचा तो दोष आहे.

आज कोल्हापूरच्या बाजारात या दोन्ही वस्तूंचे रूप बदलले आहे. तांबडे पोवळे म्हणून जे विकले जाते, त्यात रंगवलेले बांबू-पोवळे असते, काच असते, प्लास्टिकही असते. तालीसपत्राच्या पुडीत फर आहे, थुनेर आहे की तिसरेच काही, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण. खऱ्या मालाची टंचाई झाली की भेसळीला जागा मिळते, तेव्हा ग्राहकाचा पैसाही बुडतो आणि रुग्णाचा जीवही धोक्यात येतो.

म्हणून या दोन्ही वस्तू घेणाऱ्यांनी काही गोष्टी ठरवून कराव्यात. तालीसादी चूर्ण घेताना डबीवर तालीसपत्राचे शास्त्रीय नाव आहे का ते पाहावे. नसेल तर वैद्याला किंवा दुकानदाराला विचारावे. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नये. प्रवाळाचे औषध वैद्याने दिले असेल तरच आणि दिले तेवढेच घ्यावे. अंगठीसाठी पोवळे घ्यायचेच असेल तर आजीच्या पेटीतले, आधीच घरात असलेले वापरावे. नवे घेताना त्याचा उगम सांगणारा कागद मागावा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ दिसले तर ते तिथेच राहू द्यावे. ते अंगठीचे पोवळे नव्हे, आणि २००१ पासून भारतातल्या अशा प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाला आहे तेवढे, संरक्षण आहे. आणि राधानगरी-दाजीपूरच्या वाटेवर तोडलेल्या नरक्याचे ढीग दिसले, तर गप्प न बसता वनखात्याला कळवावे.